बिनचमक

गुडघ्याचे पॅड नारिंगी,
कारण दुकानात तेवढेच उरले होते.
निवटीला नारिंगी चालत नाही.
चाळीस पावलांवरून डोळे वर काढते, बघते,
आणि बुडुक.
मागे उरते मी, ऐरोलीच्या चिखलात ओणवी,
गळ्यात कॅमेरा,
रस्ता खोदलाय सांगणाऱ्या शंकूसारखी.

वाशीच्या हार्डवेअरवाल्याने स्प्रे दिला.
मिलिटरी ग्रीन. डब्यावर बिबट्या.
'लोखंडावर बसतो, लाकडावर बसतो.'
आणि वाकणाऱ्या प्लॅस्टिकवर?
त्याने डबा हलवला.
आत गोळी खुळखुळली. तेवढंच उत्तर.

बाल्कनीत जुनी वर्तमानपत्रं पसरून मारला.
धाकट्याने ते पॅड घालून घरभर लढाई केली,
आणि सोफ्यामागे दबा धरायला
पहिल्यांदा गुडघा वाकवला, तेव्हा
रंग सुटला पापडासारखा,
आवाजासकट.
केर काढताना हिरवे पापुद्रे
फ्रिजखालीही सापडत राहिले.

शिवाय खाडी हिरवी नसतेच.
बेचाळीस वर्षं तिच्या काठाने राहून
हे मला त्या डब्याच्या झाकणाशी ताडून कळलं.

मग विचारत फिरले.
चपला रंगवणाऱ्याला, पाट्या रंगवणाऱ्याला,
रबाळ्याच्या कारखान्यातल्या साहेबाला
(किमान दोनशे लिटर, मॅडम),
आणि असं करत तुर्भ्याला, बरकतभाईंकडे,
जे गाड्यांचे बंपर रंगवतात.
बंपर वाकतो, धक्का खातो, परत जागेवर येतो;
रंगाला त्याच्यासोबत जाऊन यावं लागतं.

'रंग नंतर. आधी आंघोळ,' ते म्हणाले.
साच्यातून निघताना लागलेलं तेल
प्लॅस्टिक अंगावर बाळगून असतं.
साबण, मग स्पिरिट, मग पॉलिश पेपर
हलक्या हाताने, बाळाची टाळू चोळावी तसा.
मग बंपरचा प्रायमर, पातळ, जवळजवळ नाहीच.
रंगात लवचीकपणाचं औषध वेगळं,
चमक मारायची पूड वेगळी.
'लोक पैसे देतात चमक आणायला,'
पूड तोलताना ते स्वतःशीच हसले.
'कोणता रंग?'

मी श्रीखंडाचा डबा उघडला.
आत सकाळचा चिखल.
त्यांनी बोट बुडवलं, उजेडात धरलं,
वाळेपर्यंत थांबले.
'ओला पाहिजे की सुका?'
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
मी म्हणाले, ओला, पण चमकणारा नको.
ते म्हणाले, 'म्हणजे खोटा.'
आणि राखाडीत जांभळ्याचा एक थेंब सोडला.

तीन हात. प्रत्येक हातामागे एक दिवस.
चौथ्या दिवशी पॅड दुमडून, पिळून
माझ्या हातात दिला. काही सुटलं नाही.

दिव्याच्या जेट्टीवर पोशीबायने सगळं ऐकून घेतलं,
टोपलीतली कोलंबी निवडता निवडता.
'आगो बाय, चिखलच चोपडायचा ना वर!
फुकट हाय.'
मी म्हटलं, तो वाळतो, पांढरा पडतो, गळतो.
ती माझ्याकडे बघत राहिली.
'मंग परत चोपडायचा.'
यावर बरकतभाईंकडेही काही पूड नसेल.

ओहोटी. साडेसहा.
मी गुडघ्यांवर, गुडघे चिखलात,
चिखल कुठे संपतो ते बघायला
मलाच हात लावून पाहावा लागला.
निवटी आली. बावीस पावलं, अठरा,
कल्ल्यांत पाणी भरून, गाल फुगवून,
ओल्या अंगावर सगळं आकाश चमकवत.
एवढी लकाकते ती!
आणि तिला कुणी काही म्हणत नाही.

मी फोटो काढायचा राहिला.

महिन्याभराने वाकणीवर केसाएवढी एक रेघ
नारिंगी दिसू लागलीय.
फोन केला. 'होणारच,' ते म्हणाले,
'वाकणारी वस्तू आहे. घेऊन या.'
उरलेला रंग त्यांनी डबीत दिलाय,
झाकणावर पेन्सिलीने लिहून:
खाडी, सकाळ, ताईची.