टोक कुणीकडं

वजिराबादच्या दुकानात मोईननं
लाकडाचे तुकडे काउंटरवर मांडले,
बिस्किटं मांडावीत तसे.
"आपा, हे हेरिंगबोन, हे शेवरॉन,
हे टोपलीच्या विणीचं. अन् हे महागाचं, नुसतं बघून घ्या."
मी नुसतं बघून घेतलं.
मग एक तुकडा खाली ठेवून चप्पल काढली
तर तो हसला.
म्हणाला, लोक हात लावून बघतात.

बावीस वर्षं मी एस.टी.च्या पत्र्यावर उभी होते.
त्यालाही नक्षी असते,
तांदळाच्या दाण्यांसारखी. उभा दाणा, आडवा दाणा,
माणूस घसरू नये म्हणून.
नांदेड, भोकर, हिमायतनगर, किनवट.
मे महिन्यात ती नक्षी चपलेतून वर यायची,
रात्री अंथरुणात
तळव्याला दाणे मोजता यायचे.

लेक फोनवर म्हणाली, "मम्मी, टाइल्स घे ना,
पुसायला सोप्या. आपल्याकडं लाकूड कोण टाकतं खाली?"
खरंय तिचं.
आपल्याकडं लाकूड माळवदाला, चुलीला,
आणि शेवटी.
मी म्हटलं, दहा बाय बाराची एकच खोली आहे गं.
आणि ग्रॅच्युइटी माझी आहे.

शेवरॉन मला पटलं नाही.
सगळे बाण एकाच दिशेनं पळतात,
टोकाला टोक जुळवून,
वेळापत्रकात असतात तशा गाड्या.
हेरिंगबोन म्हणजे माशाचा काटा, मोईन म्हणाला.
मला काटा दिसला नाही.
मला दिसली दोघांच्या बाकावर बसलेली तीन माणसं.
एकाचा खांदा दुसऱ्याच्या बरगडीत,
कुणीच सरळ नाही, म्हणून कुणीच पडत नाही.
"हे," मी म्हटलं.

लाकूड मलेशियाचं होतं, पॉलिश होऊन आलेलं.
सागवान पाहिजे तर जुन्या चौकटी चिरून मिळेल,
पण गाठी निघतील.
निघू देत.
इस्लापूरच्या पुढं गाडी सागाच्या झाडीत शिरली
की मी तिकिटं संपवून दांडीला टेकायची.
मार्चमध्ये पानं गळायची ती एवढाली,
टपावर कुणी पत्रावळी फेकल्यासारखी.
एकदा एक पान दारातून आत आलं.
मी त्याला तिकीट विचारलं.
पहिल्या सीटवरचा म्हातारा हसला नाही,
म्हणाला, "अर्धं लावा बाई, पिकलंय ते."

अशफाक मिस्त्रीनं पट्ट्या आठ दिवस
खोलीत नुसत्या पडू दिल्या.
"हवा कळू द्या त्यांना."
मग चारी भिंतींपाशी बोटभर जागा सोडली.
"उन्हाळ्यात आकसतं, श्रावणात फुगतं.
जागा नाही दिली तर मधूनच उठतं."
मी काही बोलले नाही.
मला सासरची सगळी माणसं
एकेक करून आठवून गेली.

दोरी आखून, मधोमध
पहिल्या चार पट्ट्या चिकटवून त्यानं विचारलं,
"टोक कुणीकडं करायचं?
दाराकडं का खिडकीकडं?"

किनवटला पोचलं की बोर्ड उलटा व्हायचा,
मागच्या बाजूला नांदेड लिहिलेलंच असायचं.
विचारायचं काही नव्हतंच कुणाला.
दाराकडं केलं तर खोली रोज निघायच्या तयारीत.
खिडकीकडं केलं तर
समोर धुळेकरांची टाकी आणि वाळत घातलेल्या कुरड्या.
"आधी चहा घ्या," मी म्हटलं.

तो बशीत ओतून फुंकत होता तोवर
मी त्या चार पट्ट्यांवर जाऊन उभी राहिले,
अनवाणी.
गुडघे जरासे वाकलेले, पाय फाकलेले,
उजवा हात आपोआप वर.
वर दांडी नव्हती.

मिस्त्रीनं बघितलं. बशी खाली ठेवली नाही.
म्हणाला, "बाई, हलत नाही ते.
सोडा."