वरीलप्रमाणे

नाव माझं कोकिळा, गळा कावळ्याचा,
पण अक्षर बरं होतं.
म्हणून सुपडूदादा वारके म्हणाला,
तू गाऊ नको व माय, तू लिही.

सावद्याला, केळीच्या वखारीला लागून
आठ बाय दहाची त्याची ‘मधुर रेकॉर्डिंग’.
एक डबल डेक, एक टेबलफॅन (तोही मशीनसाठी)
आणि खोकं भरून साठच्या कोऱ्या कॅसेटी.
शहाऐंशी साल असेल. की पंच्याऐंशी.
माझा दहावीचा निकाल लागायचा होता, एवढं पक्कं.

लोक याद्या आणायचे
वहीच्या पानावर, लग्नपत्रिकेच्या पाठीवर,
एकानं तर तळहातावर आणली,
घामानं निम्मी गाणी पुसलेली.
मी सिनेमाचं नाव लाल पेनानं लिहायची,
गाणं निळ्यानं,
चुकलं तर ब्लेडनं हलकं खरवडून.
यादी वाचली की कळायचं
कुणाचं जमलंय, कुणाचं मोडलंय,
कोण सुरतेला चाललाय पोटासाठी.
बोलायचं नाही. डॉक्टरच्या कंपाउंडरसारखं.

केळी भरेपर्यंत दिल्लीचे ड्रायव्हर बाहेर बाजेवर पडलेले.
एकाला पैसे कमी पडले
तर आपली एक कॅसेट ठेवून गेला, पंजाबी.
शब्द कुणालाच कळेना.
तरी त्या उन्हाळ्यात वाघोदा रस्त्यावरची पोरं
तेच म्हणत फिरायची,
मधे मधे आपल्या घरचे शब्द घालून.

लाईट जायची तेव्हा गाणं खाली बसायचं,
बाई पुरुषाच्या आवाजात दोन शब्द गायची
आणि मुकी व्हायची.
पुन्हा पहिल्यापासून, दादा म्हणायचा,
अर्धं गाणं विकणार नाही मी.

फेगडे सर आले भर दुपारी,
रस्त्यावर कुत्रं नसताना.
गणिताचे. ज्यांच्या छडीचा आवाज शेजारच्या वर्गात जायचा.
चार घड्यांचा कागद. उघडला तर एकच गाणं.
“बाकीची, सर?”
“तेच.”
“आणि दुसऱ्या बाजूला?”
“तेच.”
दादानं माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे.
हिशेब सरांनी आधीच केलेला:
“एका बाजूला पाच वेळा बसतं. सहाव्यांदा तुटतं.”
“मग पाचच भरू?”
“नको. तुटेल तिथं तुटू दे.”

ते गाणं आम्ही त्या दुपारी बारा वेळा ऐकलं.
चौथ्या वेळी दादा पाणी प्यायला म्हणून उठला
तो बराच वेळ आत आला नाही.
मी कार्डावर गाणं एकदा लिहिलं, निळ्यानं,
आणि खाली दोन दोन रेघोट्या मारत गेले.
सरांनीच शिकवलेलं,
तेच तेच लिहू नये, शाई वाया जाते.

परवा फैजपूरला लग्न होतं.
डीजेवर त्याच काळातली गाणी,
त्यांच्या पोटात नवा ठोका घातलेली.
भरीत-पुरीच्या पंगतीत सरांची ज्योत्स्ना माझ्या शेजारी.
मोबाईल काढला, फोटो दाखवला:
“विम्याच्या कागदांत सापडली. हे अक्षर तुझंच ना?”
माझंच.
पण निळी ओळ उडून गेलेली.
रेघोट्या तेवढ्या शाबूत, दाबून मारलेल्या,
कशाच्या तरी खाली,
कशाप्रमाणे ते गेलेलं.
“कोनचं गाणं होतं व? फीत चिकटली आहे सगळी.”

मी तिच्या कानाशी वाकले
आणि त्या ठोक्याच्या धबडग्यात
माझ्या कावळ्याच्या गळ्यानं, जमेल तसं,
पहिली ओळ म्हटली. मग दुसरी.
पुरीचा तुकडा तिच्या हातात तसाच.

“हे?” ती म्हणाली.
“हे लागलं की बाबा
रेडिओ बंद करायचे.”

वाढपी आला. भरीत?
तिनं मान हलवली.
हो म्हणाली की नको,
त्याला कळलं नाही, मलाही.