मालाचे वर्णन

मंडणगडहून भाचा फोनवर विचारतो,
"मामू, लोक शहर सोडून चाललेत म्हणतात. खरं काय?"
त्याला काय सांगू.
मी विमानतळावर नसतो. मी शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत,
कार्गोच्या दुकानात काट्यापाशी बसतो, बावीस वर्षं.
माणसं मोजायचं काम माझं नाही.
माझ्याकडे खोके येतात.

पण खोक्यावरून कळतं.
पाठवणाऱ्याच्या खोक्याला नव्याचा वास येतो:
दूध पावडर, अत्तर, वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट,
बहिणीसाठी इस्त्री, सीलसकट.
जाणाऱ्याच्या खोक्याला फोडणीचा.
शिट्टी सैल झालेला कुकर,
उशी,
अर्धी संपलेली हळदीची बरणी, झाकणाला प्लास्टिक बांधून.
(हळद कोण पाठवतं कोकणात?
पण मी विचारत नाही, टेप मारतो.)

फॉर्मवर एक रकाना आहे, मालाचे वर्णन.
त्यात मी आजवर लिहीत आलो: भेटवस्तू.
एप्रिलपासून लिहितो: घरगुती, वापरलेले.

नाचणकर बाई आल्या, तोंडावर दोन मास्क.
बालवर्गाला शिकवायच्या. पगार आधी अर्धा झाला, मग फोनच उचलेना कोणी.
त्यांच्या सामानात एक पांढरा फळा,
त्यावर निळ्या अक्षरात, आजचा वार: बुधवार.
मी फडकं घेतलं तर म्हणाल्या, राहू दे.
घासाघीस केली नाही. ते मला आवडलं नाही.

टेमकरने केली. एसीचा मेकॅनिक,
दोन किलो जास्त भरले म्हणून खोका परत फोडला,
तवा काढला, तवा ठेवला,
शेवटी पायातले सेफ्टी बूट काढले
आणि रबरी चपलेवर गेला टॅक्सी शोधायला.
बूट अजून काउंटरखाली आहेत. दहा नंबर.
जोयनालला होत नाहीत.

आणि शकूर खतीब.
त्याने तर सगळंच समुद्रमार्गे लावलं, ताट-वाटीसुद्धा,
दूतावासात नाव दिलं होतं, म्हणाला पुढच्या आठवड्यात आमचं विमान.
यादी आली. दुसरी आली. नाव नाही.
आता रोज दुपारी दुकानात येतो, सहा फुटांवर उभा राहतो,
"परकार, माझा कुकर कुठे पोचला?"
मी कंप्युटरमध्ये बघतो. न्हावाशेवाला.
मग एक दिवस: कस्टममधून सुटला.
मग: घरी पोचला, सही, झुलेखा.
"बघ," म्हणतो, "माझ्याआधी माझा कुकर सासुरवाडीला लागला."
हसतो. मग शेजारच्या खोलीतल्या पठाणाच्या परातीत जेवायला जातो.

तर भाच्या, गेले ते गेले.
पण समोरच्या इमारतीत रात्री दिवे मोजले तर
कमी झाल्यात फक्त अकरा खिडक्या.
खांबावर बेडस्पेसच्या चिठ्ठ्या आहेत, खाली नंबराच्या पट्ट्या कापलेल्या,
आधी दोन दिवसांत नुसता कागदाचा माथा उरायचा,
आता सगळ्या पट्ट्या जागच्या जागी, वाऱ्यावर फडफडतात.
कोणी येत नाही, एवढं नक्की सांगतो.
जोयनाल जात नाही, कारण एजंटचे पैसे फिटायचेत.
मी जात नाही, कारण
दुकान बंद कोण करणार?

काल शटर अर्धं ओढलं
आणि स्वतःच काट्यावर उभा राहिलो.
एकोणसत्तर किलो.
चार दिरहमने गुणलं, समुद्रमार्गे. दोनशे शहात्तर.
महाग नाही.
वर्णनात काय लिहावं, ते मात्र सुचेना.
खाली उतरलो. काटा थोडा हलत राहिला,
जुना आहे, त्याला वेळ लागतो.

उद्या टेप मागवायला हवी. मोठी वळकटी, दोन डझन.