ऑफ-सीझन

पोवई नाक्यावरच्या ट्रॅव्हल्सवाल्या पोरानं
कॅलेंडर पुढं सरकवलं: मे घ्या, नाहीतर जून.
फुलं, ऊन, सगळं उघडं.
मी म्हटलं, जानेवारी.
"काकू, बर्फ असतो. चारलाच अंधार.
अर्धं गाव बंद."
मग तेच दे.

बावीस वर्षं मेटगुताडला खोल्या देतेय मी.
मे महिन्यात माझंच गाव मला ओळख देत नाही.
गरम पाणी, जादा गादी, पॉइंट किती लांब,
सगळ्यांशी हसते,
एक चेहरा आठवेल तर शपथ.

पण एका जुलैत, व्हरांड्याला प्लास्टिक बांधल्यावर,
मिरजेची एक बाई आली. एकटीच.
धुक्यात बघणार काय?
चार दिवस चुलीपाशी बसून लसूण सोलला तिनं.
अजून फोन करते, गुडघा कसा आहे म्हणून.

तसं जायचंय मला,
तिकडच्या कुठल्याशा तळ्याकाठी,
जिथं खोल्या देणारी बाई
खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकून
खिडकीशी बसली असेल.
भाषा येत नाही.
लसूण येतो.

घरी ह्यांनी विचारलं, "तिथं बघायचं काय मग?"
मी ट्रंक उघडली,
कानटोप्या उन्हात टाकल्या.