पाचवा तास, सहावी ब

गावाचं नाव सूर,
आणि आमच्या सहावी ब ला काही केल्या सूर लागेना.

मधली सुट्टी संपलेली. बाहेर बेचाळीस, मैदान बंद,
धावायचं राहून गेलेलं सगळं
अडतीस पोरांच्या पायांत तसंच साठलेलं,
बाकांखाली ठकठक, ठकठक.

एप्रिलपासून मी डस्टर आपटत होते.
फळ्याच्या कोपऱ्यात नावं लिहीत होते:
जोबिन, नियाज, जोबिन, अफ्रा, जोबिन.
घसा बसला. वर्ग काही बसला नाही.

त्या मंगळवारी धडा होता सरासरीचा.
पुस्तकातल्या दुकानदाराने
सोमवारी अकरा छत्र्या विकल्या, मंगळवारी सतरा,
आणि इथे अख्ख्या वर्गात
छत्री एकाच्याही घरी नाही.

मागच्या एसीतून पाणी ठिबकत होतं, नेहमीसारखं.
खाली निळी बादली,
ऑफिसने तीन तक्रारींच्या बदल्यात पाठवलेली,
जिला जोबिन येता-जाता पायाने ढोसतो.
मी पुस्तक मिटलं.
म्हटलं, ही कधी भरेल?

'दोन वाजता!' 'रात्री!'
'कधीच नाही मिस, जोबिन आहे ना.'
'मग मोजा. मिनिटाला थेंब किती?'

मोजायचं तर ऐकू यायला हवं.
गप्प बसा, असं मी म्हटलं नाही.
जोबिनने म्हटलं, ओठांवर बोट ठेवून,
माझ्याहून कडक.

टप्.

टप्.

कुणाचे बावीस आले, कुणाचे चोवीस,
नियाजचे एकोणीस, कारण मधेच त्याला शिंक आली.
मग बेरीज, भागाकार,
बाटलीच्या झाकणात थेंब किती मावतात, बादलीत झाकणं किती;
पंच्याहत्तर तास, अफ्राने जाहीर केलं, शुक्रवारी दुपारी.
'शुक्रवारी शाळा कुठे असते?'
जोबिन उभा राहिला. 'आणि रात्री एसी बंद असतो, मिस.'

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.
तसं मी सांगून टाकलं.
तो खाली बसला, कान लाल,
आणि पहिल्यापासून भागाकार करू लागला.

दाराच्या काचेतून वत्सला मॅडम डोकावल्या,
एवढी शांतता कशाची, म्हणून काळजीने.

बुधवारी ठकठक परत आली, खोटं कशाला बोलू.
पण बादलीवर मार्करच्या रेघा उमटल्या, तारखांसकट,
आणि वाकड्या अक्षरांत एक चिठ्ठी:
हात लावू नये. पायसुद्धा.

नवव्या दिवशी शिडी घेऊन शफीउल आला,
एसी दुरुस्त करायला.
पाणी काठापासून चार बोटं खाली होतं.
सगळा वर्ग एका दमात ओरडला, नको!

वत्सला मॅडम पुन्हा धावत आल्या.
त्यांना मी अजून सांगितलेलं नाही
की त्या ओरडण्यात
एक आवाज माझा होता.