उतार

एकोणतीस वर्षं ओटाकारनं काचेत श्वास भरला.
नळीच्या एका टोकाला भट्टीतला लाल गोळा,
दुसऱ्या टोकाला त्याचे फुगलेले गाल.
नोव्ही बोरच्या कितीतरी छतांना अजून
त्याचा श्वास लटकतोय,
झुंबरं म्हणून, धूळ खात.

आणि हाच माणूस रात्री श्वास विसरायचा.
मी मोजायचे.
अकरा, बारा, एकोणीसला कोपर मारायचे.
एकदा बत्तिसाला उठून दिवाच लावला
आणि नाव घेऊन ओरडले.
तो दचकून म्हणाला, काय झालं, लिबा?
काय सांगणार!

यंत्र आलं करड्या पिशवीत, पावसाळी बुटांच्या खोक्याएवढं.
आत घेताना कटकट नव्हती, वारा आपणहून घुसत होता.
बाहेर सोडतानाच सगळं अडायचं.
"पाहुणा दारातच उभा," मुखवट्यातून घोगरा आवाज,
"मी बाहेर पडू कुठून?"
दोनच्या सुमारास मुखवटा पलंगाखाली
एकटाच फुसफुसत.

तीन आठवडे हेच.
मग राद्का नावाची नर्स, नखं निळी, हाताला जखमेची पट्टी.
तिनं बटण फिरवलं: शून्य, एक, दोन.
"तीनवर ठेवते.
तुम्ही सोडायला लागलात की हे जरा मागे सरेल."
त्याला घालून बघायला लावलं, छातीकडे पाहत राहिली.
"पण तुम्ही ढकलताय हो. ढकलू नका.
सोडा."

ओटाकार तिच्याकडे बघतच राहिला.
शिकाऊ पोरांच्या पाठीत धपाटा घालून
तो हेच तर सांगायचा:
फुंकू नकोस रे गाढवा, काच चिडते.
नुसता सोड.

बसमध्ये एक शब्द नाही.
उतरताना म्हणाला, त्या पोरीला एक वाडगा द्यायला हवा.

त्या रात्री तो कुशीवर, मी जागी.
श्वास आत. यंत्र भरून येतं.
मग बाहेर, आणि यंत्र मागे सरतं,
अरुंद जिन्यात वर येणाऱ्यानं
भिंतीला पाठ लावून
उतरणाऱ्याला वाट द्यावी तसं.
हुश्श.
माणसाचं की यंत्राचं, अंधारात कळत नाही.

सवयीनं मी मोजते. एक, दोन, तीन...
पाचाच्या पुढे आकडा जातच नाही.
उरलेल्या आकड्यांचं काय करायचं
मला अजून सुचलेलं नाही.

कपाटात एक निळा वाडगा आहे, मुलगी झाली त्या वर्षीचा.
तळाशी बुडबुडा अडकला, म्हणून विकला गेला नाही.
त्या दिवशी तो घाईत होता, म्हणतो,
दवाखान्यातून निरोप यायचा होता.
तेवढा एक श्वास आत राहिलाय.
राद्काला हाच द्यायचा, असं त्याचं म्हणणं. मी नको म्हणतेय.

सकाळी यंत्राच्या टाकीत उरलेलं पाणी
मी खिडकीतल्या जिरेनियमला घालते.
बाहेर बर्फ. तो अजून झोपलेला.