डावी बाजू

नानलपेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात
माझा तिसरा दिवस, आणि टी चालत नव्हता.

म्हणजे टाइप होत होता. नाव, गाव, शुभेच्छुक,
समस्त परभणीकर, सगळं उमटत होतं.
पण फोटो निवडून टी दाबला
की त्यांचे माथे एका रेषेत यावेत,
ते येत नव्हते. आर दाबला. ई दाबला.
सी, बी. ढिम्म.
चार भावी नगरसेवक पडद्यावर वर-खाली उभे,
एसटीत चढताना असतात तसे.

कीबोर्ड उलटा करून आपटला.
भुईमुगाची टरफलं पडली, स्टेपलची एक पिन,
बटणं तशीच मुकी.

खलीलसेठ गल्ल्यावरून म्हणाले,
"कामून आपटायलीस? मशीन चांगलीये.
नागोरावची हाय."

मग सेटिंग उघडलं, शॉर्टकटची यादी काढली,
आणि आहेराची वही वाचतात तशी
बोट ठेवून खाली खाली गेले.
वर रेघ धरायची: ओ. मधोमध: के.
खाली: स्वल्पविराम.
गट बांधायचा: अर्धविराम,
गट सोडायचा: त्याच्या शेजारचं.
एल आणि पी तेवढे कंपनीनं दिले तिथंच.
सगळा संसार उजव्या खोलीत हलवलेला
आणि डावीकडे, क्यूपासून बीपर्यंत,
नावापुढं कोरी जागा.
चुकून राहिलेली नव्हे. वेचून काढलेली.

असं कोण करतं?
वाटलं, हात गेला असेल बिचाऱ्याचा
कडबा कुट्टीत. होतं इकडं असं.
विचारलं, तर सेठ हसले.

"हात शाबूत हाय त्याचा. लेकरू राहायचं हातावर.
बाई सिव्हिलला नर्स. तिला नाइट लागली
की हा पोरगी घेऊन यायचा.
खाली ठेवली की रडायची.
लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत
एक हात पोरीखाली, एक हात कामाला.
अन् ती दणादण बटणं हाणायची.
एकदा तर आमदाराचा फोटो..."
गिऱ्हाईक आलं. आमदाराचं तेवढ्यावर राहिलं.

बाईची बदली झाली, तिघं नांदेडला गेले.
पोरगी आता शाळेत असेल.

खाली कोपऱ्यात एक बटण होतं:
सगळं मूळ जागी.
माझी बोटं दुसरीकडं शिकलेली,
उरुसाच्या कमानी संध्याकाळपर्यंत द्यायच्या,
दोन्ही हात मोकळे.
त्याची यादी एका फायलीत ठेवली,
नाव दिलं नागोराव,
आणि दाबलं.
टी चालू झाला. चौघांचे माथे जुळले.

अजूनही कधी घाईत
बोट आपोआप अर्धविरामावर जातं.
तीन दिवसांत लागलेली सवय. का लागली, माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं.
डावीकडच्या त्या सगळ्या कोऱ्या ओळींत
एकच भरलेली होती. ए: मोठं करून दाखव.
बिनघोर काम. काही हलत नाही, काही पुसत नाही.
दाबलं की चेहरा मोठा,
परत दाबलं की आणखी,
नवरदेवाचं नाक खिडकीएवढं.
करंगळीजवळचं, अगदी कडेचं बटण,
हातावरून वाकलेल्या पोरीला
आधी सापडेल असं.

तेवढी ओळ मी माझ्या यादीत परत घातली.
कामाला तिचा उपयोग नाही.
लाइट जाते, बाहेर छपाईचं यंत्र थांबतं,
इन्व्हर्टर कुरकुरत माझा एकटीचा पडदा जागा ठेवतो,
तेव्हा मी ए दाबत बसते.
भावी नगरसेवक जवळ येतात, अजून जवळ,
मिशी, मग मिशीचा एक केस,
मग नुसते चौकोन,
करडे, तपकिरी.